'द प्रिन्सेस ब्राइड' कसा बघावा? अंथरुणातल्या मुलापासून सुरुवात करा

आधी प्रश्न थोडक्यात. नाशिकच्या एका गृहस्थांनी रविवारी दुपारी दहा वर्षांच्या मुलीबरोबर आणि आपल्या वडिलांबरोबर 'द प्रिन्सेस ब्राइड' लावला. कौतुक खूप ऐकलं होतं. पण जंगलातला राक्षसी उंदीर म्हणजे कातडं पांघरलेला माणूस हे सरळ दिसत होतं, खडक स्टुडिओतले वाटत होते, आणि परीकथेची थट्टा चालली आहे की खरोखरच परीकथा चालली आहे हेच त्यांना कळेना. इंग्रजी संवाद न समजल्याने वडील अर्ध्यातून उठले. मुलगी मात्र नायक मरतो तिथे हुंदके देऊन रडली आणि टीव्ही बंद करावा लागला. ते विचारतात: यात आनंद घ्यायचा तो नेमका कशाचा? आणि राहिलेला भाग तिला दाखवावा का?

जरूर दाखवा. पण सोडला तिथून नको, पहिल्यापासून दाखवा. आणि या वेळी राजकन्येकडे बघण्याआधी अंथरुणातल्या मुलाकडे बघा. नावावरून चित्रपट राजकन्येचा वाटतो. माझ्या लेखी तो एका आजारी मुलाचा आणि त्याला गोष्ट वाचून दाखवणाऱ्या आजोबांचा आहे.

मी एकवीस वर्षं शाळांमधून आणि सुट्टीतल्या शिबिरांमधून मुलांना चित्रपट दाखवते, त्यांच्याशी चित्रपटांविषयी बोलते. हा चित्रपट मुलांच्या घोळक्यात सतरंजीवर बसून मी तीसेक वेळा तरी पाहिला असेल. पुढे जे सांगते ते बरंचसं त्या मुलांनी मला शिकवलेलं आहे.

सुरुवात आठवा. पडद्यावर आधी राजवाडा येत नाही. बेसबॉलचा व्हिडिओ गेम येतो आणि खोकण्याचा आवाज येतो. मुलगा आजारी आहे. आजोबा भेटायला आलेत हे ऐकून तो वैतागतो, कारण ते गालगुच्चा घेतात. आजोबा आत येतात, गालगुच्चा घेतातच, आणि भेट म्हणून पुस्तक पुढे करतात. हे पुस्तक माझ्या वडिलांनी मला आजारपणात वाचून दाखवलं, मी तुझ्या बाबांना दाखवलं, आज तुला दाखवणार. मुलाचा पहिला प्रश्न, यात खेळ आहेत का? आजोबा यादी सांगतात: तलवारबाजी, मारामारी, छळ, सूड, राक्षस, पाठलाग, सुटका, खरं प्रेम, चमत्कार. मुलगा म्हणतो, ठीक वाटतंय, जागं राहायचा प्रयत्न करीन.

तुम्ही सोफ्यावर बसलात तेव्हा तुमचीही मनःस्थिती हीच होती ना? लोक चांगलं म्हणतात, बघू जमलं तर. चित्रपटाला तुमची ही शंका आधीपासून माहीत आहे. म्हणून त्याने शंका घेणाऱ्या प्रेक्षकाला बाहेर ठेवलं नाही, पडद्यावरच अंथरूण घालून दिलं. हे लक्षात आलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

आता त्या मुलाच्या व्यत्ययांचा माग काढा. पहिल्यांदा तो गोष्ट थांबवतो ती तक्रारीसाठी: हे चुंबनांचं पुस्तक आहे का? दुसऱ्यांदा समुद्रात किंचाळणाऱ्या ईलमाशांच्या तावडीत राजकन्या सापडते, तेव्हा आजोबाच थांबतात आणि म्हणतात, घाबरू नकोस, ती आत्ता मरत नाही. मुलगा म्हणतो, मी घाबरलो नव्हतो, जरा काळजी वाटत होती, ते वेगळं. या वाक्यावर मी नेहमी पडद्याकडे पाठ करून मुलांचे चेहरे बघते. चादरीचा कोपरा त्या मुलाने मुठीत पकडलेला आहे हे सांगावं लागत नाही, मुलांना ते दिसतं. पुढे राजकन्येचं लग्न दुष्ट राजपुत्राशी झालं असं वाचल्यावर तो भडकतो: तुम्ही चुकीचं वाचलं, असं होऊच शकत नाही. आणि मग तुमच्या मुलीची जागा येते. नायक वेस्टली मेला. मुलगा विचारतो, मेला म्हणजे काय? नाटक करतोय ना? मग राजपुत्राला कोण मारतं? कुणीच नाही, तो जगतो, असं उत्तर मिळतं, आणि मुलगा आजोबांवर खेकसतो: मग मला हे वाचून दाखवलंतच कशाला! आजोबा शांतपणे पुस्तक मिटतात. तू फार मनावर घेतोयस, थांबू या. तेव्हा तो म्हणतो, नाही, मी ठीक आहे, बसा.

तुमची लेक रडली ती नेमकी तिथे. ती चित्रपटातून बाहेर पडली नव्हती. चित्रपटाने तिला जिथे न्यायचं होतं तिथे ती अचूक पोचली होती, फक्त तिला 'बसा' म्हणायची संधी मिळाली नाही. पुढच्या काही मिनिटांत एक म्हातारा वैदू वेस्टलीला तपासतो आणि सांगतो की हा बराचसा मेलेला आहे, पूर्ण मेलेला नाही, आणि या दोन्हींत खूप फरक असतो. माझ्या शिबिरांतली मुलं या वाक्यावर नुसती हसत नाहीत, टाळ्या वाजवतात. आधी रडल्याशिवाय त्या टाळ्या येत नाहीत. म्हणून त्या हुंदक्यांची काळजी करू नका.

हा गोष्ट सांगणारा आणि हुंकार देणारा असा जोडीचा साचा आपल्याला परका नाही. विक्रम आणि वेताळाच्या गोष्टी आपण याच साच्यात ऐकल्या. पण मला जास्त जवळची वाटते ती श्रावणातल्या कहाण्यांची आठवण. आटपाट नगर होतं, असं म्हणून आजी सुरू करायची आणि शेवटी म्हणायची, साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. साठ उत्तरांची गोष्ट तिने पाचांत आणून पोचवली. काय गाळायचं, कुठे थांबायचं, कुणाचा चेहरा पडला की आवाज कुठे मऊ करायचा, हे सगळं सांगणारीच्या हातात.

विल्यम गोल्डमन यांनी १९७३ साली लिहिलेल्या मूळ कादंबरीची सगळी युक्ती हीच आहे. त्यांना दोन मुली. बाबा गोष्ट लिहिणार, कशाची लिहू, असं विचारल्यावर एक म्हणाली राजकन्येची, दुसरी म्हणाली नवरीची. त्यावरून पुस्तकाचं नाव ठरलं. पुस्तकात त्यांनी एक कल्पित लेखक उभा केला, एस. मॉर्गनस्टर्न. त्याचा जाडजूड, कंटाळवाणा ग्रंथ लहानपणी आजारी असताना वडिलांनी आपल्याला वाचून दाखवला, आणि मोठेपणी कळलं की वडील रटाळ पानं गाळून फक्त छान छान भाग वाचत होते, असं ते सांगतात. मॉर्गनस्टर्न कधी नव्हताच. गोष्टीतले दोन देश, फ्लोरिन आणि गिल्डर, हीही मुळात जुन्या नाण्यांची नावं. तरी अनेक वाचक तो मूळ ग्रंथ शोधत राहिले, इतकं ते सोंग चोख वठलं. पडद्यासाठी लिहिताना गोल्डमन यांनी वडिलांच्या जागी आजोबा आणले. माझ्या मते तो बदल पुस्तकापेक्षाही सरस आहे. वडील वाचून दाखवतात तेव्हा त्यात थोडी शिस्त मिसळलेली असते. आजोबांना वेळच वेळ असतो.

दिग्दर्शक रॉब राइनर यांच्या हातात ही कादंबरी त्यांच्या वडिलांनी दिली होती. वडील कार्ल राइनर स्वतः मोठे विनोदकार आणि दिग्दर्शक. चित्रपट व्हायला खूप वर्षं गेली, कारण आधी अनेकांनी हात घातला आणि प्रत्येक वेळी काहीतरी फिसकटलं. अखेर १९८७ साली तो आला तेव्हा अमेरिकेतल्या चित्रगृहांत बरा चालला, गाजला नाही. लहान मुलांचा म्हणावा की मोठ्यांचा, विनोदी म्हणावा की साहसाचा, हे जाहिरात करणाऱ्यांना ठरवता आलं नाही. तो खऱ्या अर्थाने लोकांचा झाला व्हिडिओ कॅसेटवर, घराघरांत, आणि मुख्यतः आजारी पडलेल्या आणि सुट्टी लागलेल्या मुलांमुळे. २०१६ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत त्याला जागा दिली. २०२० च्या टाळेबंदीत अनेक कलावंतांनी आपापल्या घरी फोनवर याची दृश्यं पुन्हा करून एक घरगुती आवृत्ती बनवली. तिच्या शेवटच्या दृश्यात आजोबा झाले ९८ वर्षांचे कार्ल राइनर आणि अंथरुणातला नातू झाला त्यांचा मुलगा रॉब. त्यानंतर काही दिवसांतच, जून २०२० मध्ये, कार्ल राइनर गेले. मला हे आठवलं की चित्रपटाचा शेवट कोरड्या डोळ्यांनी बघता येत नाही.

आता तुमचा मधला प्रश्न: ही परीकथेची थट्टा आहे का?

नाही. आणि या एका गैरसमजाने अनेक मोठ्या माणसांचा या चित्रपटातला आनंद हुकतो. एकदा एका शाळेत मी सुरुवातीलाच मुलांना सांगितलं की हा परीकथेचं विडंबन करणारा चित्रपट आहे. त्या दिवशी मुलं विनोद शोधत बसली, आणि ईलमाशांच्या वेळी एकानेही श्वास रोखला नाही. तेव्हापासून मी प्रस्तावना करत नाही. यातली माणसं गमतीदार बोलतात, पण आपण विनोदी चित्रपटात आहोत हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही. राजपुत्राला खरोखर युद्ध पेटवायचं आहे. राजकन्येला पळवून नेणाऱ्या टोळीचा म्होरक्या विझिनी स्वतःला खरोखर जगातला सर्वांत हुशार माणूस समजतो. आणि त्याच्याच टोळीतल्या तलवारबाज इनिगो मोंटोयाला खरोखर आपल्या बापाच्या खुन्याला मारायचं आहे. कथेवर हसणं वेगळं आणि कथेत हसणं वेगळं.

याची परीक्षा घ्यायची तर कड्यावरचं द्वंद्व बघा. मला विचाराल तर साहसपटांतल्या तलवारबाजीत याच्या तोडीचं फार थोडं आहे. इनिगो वर वाट बघतोय, काळा मुखवटा घातलेला माणूस, म्हणजे वेस्टली, नुसत्या हातांनी कडा चढतोय. इनिगो कंटाळतो आणि त्याला मारण्यासाठी का होईना, दोरी टाकतो. भरवसा कसा ठेवू, असं खालचा विचारतो, तेव्हा इनिगो बापाच्या आत्म्याची शपथ घेतो. वर आल्यावर त्याला दम खाऊ देतो. बुटातले खडे काढून होईपर्यंत थांबतो. त्या वेळात आपल्या तलवारीची गोष्ट सांगतो: बाप तलवारी घडवायचा, सहा बोटांच्या एका सरदाराने तलवार घडवायला सांगितली, वर्षभराच्या मेहनतीनंतर ठरल्या किमतीचा दहावा हिस्सा देऊ केला, बापाने नाही म्हटलं, आणि त्याने बापाला ठार केलं. तेव्हा इनिगो अकरा वर्षांचा होता. वीस वर्षं तो तलवार शिकला, त्या माणसासमोर उभा राहून काय म्हणायचं ते वाक्य पाठ करत राहिला. मग दोघं उभे राहतात. तू भला माणूस दिसतोस, तुला मारायला जिवावर येतंय. तूही भला दिसतोस, मला मरायला जिवावर येतंय.

लढाई सुरू होते आणि दोघं लढता लढता डावपेचांची चर्चा करतात. त्यात येणारी बोनेट्टी, कापो फेर्रो, तिबो, अग्रिप्पा ही नावं थापा नाहीत. सोळाव्या-सतराव्या शतकांतले हे खरे युरोपीय तलवारगुरू. मग कळतं की इनिगो डाव्या हाताने लढत होता आणि तो डावरा नाही. थोड्या वेळाने कळतं की दुसराही डावरा नाही. कॅरी एल्वेस आणि मँडी पटिंकिन या दोघा नटांनी दोन्ही हातांनी लढायला शिकून घेतलं. कोलांट्या सोडल्या तर जवळपास सगळी लढाई त्यांची स्वतःची आहे. शिकवणारे होते पीटर डायमंड आणि बॉब अँडरसन. अँडरसन १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून तलवारबाजी खेळले होते, आणि 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडर या खलनायकाच्या मुखवट्याआडून तलवार चालवणारेही तेच. म्हणून इथे कॅमेरा पळत नाही, तुकडे करत नाही. पाऊल, मनगट आणि चेहरा एकाच वेळी दिसतो. मुलांना हे शब्दांत सांगता येत नाही, पण पुढचा आठवडाभर त्यांच्या हातातल्या पट्ट्या डाव्या हातातून उजव्यात जातात.

पटिंकिन यांचे वडील १९७२ साली कर्करोगाने गेले. सहा बोटांच्या माणसाला मारताना मनात तो कर्करोग होता, असं त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. हे माहीत नसलं तरी त्या शेवटच्या दृश्यात काहीतरी उघडं पडलेलं दिसतं. खुनी म्हणतो, मागशील ते देतो. इनिगो म्हणतो, मला माझे बाबा परत हवेत. आमच्या एका शिबिरात या वाक्यानंतर एक मुलगा उठून बाहेर गेला. त्याचे वडील आदल्या वर्षी वारले होते. मी त्याच्या मागे गेले तर तो म्हणाला, ताई, मी येतोय, तुम्ही थांबवू नका. आणि तो आला. हलकाफुलका म्हणून ज्याची ओळख करून देतात त्या चित्रपटाच्या पोटात हे एवढं आहे.

नकली दिसण्याबद्दल. हो, तो उंदीर म्हणजे आत माणूस असलेला पोशाख आहे, आणि आगीचं जंगल स्टुडिओत उभारलेलं आहे. पण दूरवरून दिसणारा तो प्रचंड कडा खरा आहे: आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यातले मोहरचे कडे, सर्वांत उंच ठिकाणी २०० मीटरहून जास्त. राजवाडा म्हणून बाहेरून दिसते ती इंग्लंडमधल्या डर्बीशरची हॅडन हॉल ही मध्ययुगीन वास्तू. खरं आणि रंगवलेलं असं शेजारी ठेवलं की डोळ्याला ते चित्रांच्या पुस्तकासारखं वाटतं, आणि इथे तेच हवं आहे. कारण आपण जे बघतो ते प्रत्यक्ष घडत नसून एका मुलाच्या डोक्यात उमटतंय. त्याने कुठे बघितलाय खरा राक्षसी उंदीर? संगणकावर केसन् केस रंगवलेला उंदीर इथे आणला असता तर अंथरुणातल्या मुलाची कल्पनाशक्ती बेकार झाली असती. मार्क नॉफ्लरच्या संगीताबद्दल मात्र मी हा बचाव करणार नाही. त्याची गिटार सुंदर आहे, पण त्या काळच्या कीबोर्डचे सूर आज काही ठिकाणी पातळ लागतात.

आणखी एक गोष्ट मला खटकते, आणि तुमच्या मुलीलाही खटकेल. राजकन्या बटरकप फार थोडं करते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने भर चित्रपटात मोठ्याने विचारलं, ती तलवार का उचलत नाही? माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. उंदीर वेस्टलीला लोळवतोय आणि ही बाजूला उभी, मग कशीबशी काठी पुढे करते. तिच्या बाजूने इतकंच म्हणता येईल की ती जहाजावरून समुद्रात उडी टाकते, राजपुत्राला तोंडावर भित्रा म्हणते, आणि वेस्टलीला ओळखण्याआधी सरळ डोंगरावरून ढकलून देते. तरी प्रश्न योग्य आहे. मुलीने विचारला तर सारवासारव करू नका. तिने काय केलं असतं ते तिलाच सांगू द्या. आमच्याकडे त्या दिवशी बटरकपचे अकरा पर्याय निघाले. तसंच छळघरातल्या जन्मतः पांढऱ्याफटक त्वचेच्या (अल्बिनो) रक्षकाची ओळख निव्वळ त्याच्या पांढऱ्या रंगावरून होते. वर्गात तशी त्वचा असलेलं एखादं मूल असेल तर आधी दोन शब्द बोललेले बरे.

या उलट फेझिक. तो राक्षस झाला आहे आन्द्रे द जायंट हा फ्रेंच कुस्तीपटू. शरीराची वाढ न थांबण्याच्या विकाराने त्याचा देह एवढा झाला होता, आणि चित्रीकरणाच्या सुमारास पाठीची शस्त्रक्रिया झाल्याने त्याला वजन उचलता येत नव्हतं. खिडकीतून उडी मारलेल्या बटरकपला तो अलगद झेलतो, तेव्हा तिला तारांनी धरलेलं आहे. इंग्रजी त्याला जड जायचं, म्हणून राइनर यांनी त्याचे संवाद ध्वनिफितीवर बोलून दिले आणि तो ते ऐकून ऐकून शिकला. रॉबिन राइट सांगते की थंडीत ती कुडकुडायला लागली की आन्द्रे आपला पंजा तिच्या डोक्यावर ठेवायचा, आणि त्याने सगळं डोकं झाकून ऊब यायची. मुलांना फेझिक सगळ्यांत आवडतो. त्याचे शब्द मोठ्यांनाही नीट कळत नाहीत, पण लहान मुलांना त्याचं सगळं कळतं असा माझा अनुभव आहे.

यावरून तुमच्या वडिलांकडे येते. ते उठून गेले याचं मला सगळ्यांत वाईट वाटलं, कारण हा चित्रपट त्यांच्याच नात्याचा आहे. उपशीर्षकं लावा, पण तेवढ्यावर सोडू नका. मधे बसा आणि मोठ्याने मराठीत सांगत जा. कोकणातल्या एका शाळेत इंग्रजी न कळणाऱ्या चाळीस मुलांसमोर मला असं करावं लागलं, आणि त्या दिवशी मला हा चित्रपट नव्याने समजला. मी पडद्याशेजारी उभी राहून सांगत होते, मुलं मला थांबवत होती, आणि पडद्यावर आजोबा वाचत होते, नातू त्यांना थांबवत होता.

शब्दशः सांगू नका. आजोबांप्रमाणे रटाळ भाग गाळा. इनिगो आणि फेझिक यमकं जुळवत विझिनीला छळतात तिथे मी थांबून मुलांनाच विचारते. मी म्हटलं, 'यमकं आता पुरे!' तर मागच्या रांगेतून लगेच आलं, 'शेंगदाणे हवेत का खारे?' मूळ संवादातही फेझिक शेंगदाण्यांवरच उडी मारतो, ते त्या मुलाला माहीत नव्हतं. विझिनीचा 'अशक्य!' हा परवलीचा शब्द मुलं तिसऱ्या वेळेपासून स्वतःच ओरडतात. विषाच्या दोन पेल्यांचा प्रसंग मात्र मधे न बोलता बघू द्या, आणि नंतर घरी सरबताचे दोन पेले मांडून खेळा.

खरी कसोटी एकाच वाक्याची आहे. शेतावर राबणारा वेस्टली आपल्या मालकिणीच्या, बटरकपच्या, प्रत्येक हुकमावर तेच तीन शब्द बोलतो, 'ॲज यू विश', आणि त्या शब्दांत त्याचं प्रेम असतं. पुढे तेच शब्द डोंगरावरून गडगडत जाताना तो ओरडतो आणि ती त्याला ओळखते. शेवटी ते आजोबांच्या तोंडी येतात. इंग्रजीत 'यू' हे एकच सर्वनाम असल्याने तिथे अडचण नाही. मराठीत गडी मालकिणीला अहो-जाहो करणार, प्रियकर अगं-तुगं करणार, आजोबा नातवाला अरे-तुरे करणार. तिन्ही ठिकाणी शब्द बदलले तर ओळख पटणार कशी? 'जशी आज्ञा' म्हणून पाहिलं, ते दरबारी वाटलं. 'तुमची इच्छा' यात रुसवा ऐकू येतो. आता मी 'म्हणाल तसं' म्हणते. गड्याच्या तोंडी ते आदराचं, डोंगरावर ते जुन्या खुणेचं, आणि लाडात आलेले आजोबा नातवाला अहो-जाहो करतातच की. तुमच्या घरी वेगळे शब्द जमले तर ते घ्या, फक्त तिन्ही ठिकाणी तेच ठेवा.

चित्रपट ९८ मिनिटांचा आहे. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना मी तो निर्धास्त दाखवते. छळयंत्राच्या दृश्यात जवळ बसा. दिवा एखादा चालू असू द्या, पूर्ण अंधार नको. दुष्ट राजपुत्र शेवटी मरत नाही, खुर्चीला बांधलेला मागे राहतो. यावर मुलं नाराज होतात, तुमचीही होईल, होऊ द्या.

आणि शेवटी एक विनंती. इनिगोचा सूड पूर्ण होतो, वीस वर्षं याच कामात गेली, आता पुढे काय करू, असं तो म्हणतो. वेस्टली त्याला आपलं चाच्याचं नाव देऊ करतो. ते नाव वेस्टलीलाही आधीच्याने दिलं होतं, आणि आधीच्याला त्याच्या आधीच्याने. मग घोडे निघतात, आणि आजोबा थांबतात: पुढे परत चुंबनाचं आहे, सोडून देऊ ना? मुलगा म्हणतो, चालेल, वाचा. तिथून दोन मिनिटं उरतात. त्या दोन मिनिटांत रिमोट शोधू नका, कुणाला चहा विचारू नका. आजोबा पुस्तक मिटून दारापर्यंत जातात, मुलगा म्हणतो की उद्या येऊन परत वाचाल का. तिथे तुम्ही बोलू नका. तोपर्यंत तुमच्या वडिलांना ते दोन शब्द पाठ झालेले असतील. ते त्यांनाच म्हणू द्या.